अक्षरांचा डाव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे प्रिंगल मॉर्गन नावाचे एक डॉक्टर राहत असत. १८९६ साली त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलाचे नाव पर्सी. तो चलाख होता, खेळात कोणाच्या मागे नव्हता आणि त्याची दृष्टीही चांगली होती. सातव्या वर्षापासून शाळेत व खाजगी शिक्षकांच्या हाताखाली त्याचे शिक्षण चालले होते. तरीही त्याला वाचता येत नसे. अगदी लहान शब्ददेखील तो मोठ्या कष्टाने लावी. स्वतःचे नाव लिहिताना इंग्रजी अक्षरांची जागा बदलून ‘पर्सी’चे ‘प्रेसी’ होई, आणि ती चूक दाखवून दिली तरी पटकन त्याच्या ध्यानात येत नसे.

नवलाची गोष्ट अशी की, आकड्यांशी या मुलाचे कधीच भांडण नव्हते. ७४९ ला ८६७ ने गुणण्याचे उदाहरण त्याने झटपट आणि बिनचूक सोडवले. (उत्तर ६,४९,३८३ येते, ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनी पाटी-पेन्सिल घ्यावी.) सारे शिक्षण जर तोंडी दिले गेले असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

डॉ. मॉर्गन यांनी या दोषाला ‘जन्मजात शब्दांधत्व’ असे नाव दिले. आज त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतून घडवलेला आहे. त्याच्या पहिल्या भागाचा अर्थ ‘कठीण’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘शब्द’. रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने तो प्रथम वापरला, पण मेंदूच्या विकारामुळे ज्यांचे वाचन गेले अशा मोठ्या माणसांसाठी. मुलांच्या बाबतीत तो पुढे रूढ झाला.

शब्दांधत्व हे नाव मागे पडले, ते बरेच झाले. कारण या मुलांचे डोळे अधू नसतात. अडचण कोठे असते, हे समजण्यासाठी वाचणे म्हणजे काय याचा थोडा विचार केला पाहिजे. बोलणे मनुष्यजातीला फार प्राचीन काळापासून अवगत आहे. मूल घरातली माणसे बोलताना ऐकते आणि आपोआप बोलू लागते. त्यासाठी कोणी त्याला धडे देत नाही. लेखनाचे तसे नाही. ती माणसाने सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी शोधून काढलेली युक्ती आहे. त्यामुळे मेंदूमध्ये वाचनासाठी जन्मतः वेगळी राखून ठेवलेली अशी जागा नाही. वस्तू आणि आकार ओळखणारा एक भाग आणि बोललेले शब्द समजून घेणारा दुसरा भाग यांच्यामध्ये प्रत्येक मुलाला सरावाने नवी वाट पाडावी लागते. बहुतेकांची ती वाट दोन-तीन वर्षांत मळून जाते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मात्र तेथे झाडी दाट लागते.

विशेषतः बोललेल्या शब्दाचे तुकडे पाडणे त्याला कठीण जाते. ‘मासोळी’ हा शब्द त्याला उत्तम समजतो. मासोळी कशी पोहते, कोठे सापडते, हेही तो इतरांहून चांगले सांगेल. परंतु त्या शब्दात ‘मा’, ‘सो’ आणि ‘ळी’ असे निरनिराळे ध्वनी आहेत आणि त्यांतला प्रत्येक ध्वनी कागदावरच्या एकेका आकृतीला बांधलेला आहे, ही गोष्ट त्याच्या हातून निसटते. आज बांधलेली गाठ उद्या सुटलेली आढळते.

अशी मुले अक्षरे उलटी पाहतात, अशी एक समजूत आहे. ती पुरती खरी नाही. लहानपणी पुष्कळच मुले अक्षरे उलटी काढतात, आणि त्याला कारणही आहे. कावळा डावीकडे तोंड करून बसला काय किंवा उजवीकडे, तो कावळाच असतो; आपला मेंदू वस्तू ओळखताना डाव्या-उजव्याचा भेद मनावर घेत नाही. अक्षरांच्या जगात आल्यावर ही जुनी सवय मोडावी लागते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना ती मोडायला अधिक वेळ लागतो, इतकेच.

आपली देवनागरी लिपी उच्चाराला पुष्कळशी धरून चालणारी आहे. म्हणून मराठी वाचताना अशा मुलाच्या चुका कदाचित थोड्या होतात; पण वाचन अतिशय मंद आणि थकवणारे असते. शिवाय देवनागरीचेही काही चकवे आहेत. ‘किल्ला’ म्हणताना आधी ‘क्’ आणि मग ‘इ’ उच्चारतात. लिहिताना मात्र वेलांटी अगोदर येऊन बसते. ‘सूर्य’ शब्दातला ‘र’ उच्चारात ‘य’च्या आधी येतो आणि कागदावर त्याच्या डोक्यावर चढतो. हा ‘र’ तर मोठा बहुरूपी आहे. ‘प्रकाश’, ‘सूर्य’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत त्याची चार सोंगे दिसतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा, हा भेद एवढ्याशा खुणेवर अवलंबून असतो. हस्ताक्षर सैल असेल तर ‘खाना’चा ‘रवाना’ होतो, ते निराळेच.

चाळीस मुलांच्या वर्गात अशी एक-दोन मुले असण्याचा पुष्कळ संभव असतो. मराठीत त्यांच्यासाठी फार दिवसांपासून एक अक्षर राखून ठेवलेले आहे : ढ. अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत या अक्षराचे वळण फारसे पालटले नाही, म्हणून जो पुढे सरकत नाही तो ढ, असे याचे मूळ सांगतात. ही व्युत्पत्ती गमतीची आहे. परंतु ज्याच्या अंगाला ते अक्षर चिकटते त्याला त्यात गंमत वाटत नाही. त्याची वाचनाची पाळी आली म्हणजे वर्गात खसखस पिकते. मग तो पाळी चुकवण्याच्या युक्त्या शोधतो. शेजारच्याचे वाचन ऐकून धडा पाठ करतो, पुस्तक घरी विसरतो, नेमके त्याच दिवशी त्याचे पोट दुखते. जितके तो वाचन टाळतो तितका सराव कमी होतो, आणि जितका सराव कमी तितकी पुढची पाळी अधिक भयंकर वाटते. मूळच्या अडचणीपेक्षा हे दुष्टचक्रच पुष्कळदा अधिक नुकसान करते.

आता परिस्थिती काही अंशी पालटली आहे. मुलाची अडचण ओळखण्यासाठी त्याच्याच भाषेतली चाचणी हवी. हरयाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली पुढे आणलेल्या चाचण्यांत हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीचाही समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावाने या अडचणीची नोंद झाली आहे. परंतु कायद्याने कोणाला वाचता येत नाही. ती वाट रोज थोडी थोडी चालूनच मळावी लागते. एकच अक्षर, एकच जोडणी शेकडो वेळा डोळ्यांखालून, कानांवरून आणि हातांखालून जावी लागते. शंभरदा तेच करावयास सांगितले तर कोणतेही मूल कंटाळेल. तेच खेळात आले तर? विटीदांडूत एकच टोला मुले संध्याकाळभर मारीत असतात. त्याला कोणी उजळणी म्हणत नाही. खेळात चुकले तर डाव जातो आणि पुन्हा येतो. चुकण्याला तेथे लाज नसते.

मात्र कोणताही खेळ चालेल असे नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या दोन मानसशास्त्रज्ञांनी याचा कसून शोध घेतला. शब्दांतील ध्वनी ओळखण्यात मागे असलेली ६५ लहान मुले त्यांनी निवडली आणि त्यांचे गट पाडले. एका गटातील मुले चित्रे पाहून सारख्या ध्वनीचे शब्द एकत्र लावण्याचा खेळ खेळत. दुसऱ्या गटाला हाच खेळ दिला. पण त्याच्या जोडीला प्लॅस्टिकची अक्षरे हातात देऊन कोणत्या ध्वनीचे कोणते अक्षर हेही दाखवले. तिसरा गट तीच चित्रे अर्थाप्रमाणे वेगळी करी : प्राणी एकीकडे, घरातल्या वस्तू दुसरीकडे. चौथ्याला काहीच विशेष शिकवले नाही. दोन वर्षांत पहिल्या तीन गटांतील प्रत्येक मुलाच्या वाट्याला असे ४० पाठ आले. १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाचनात आणि शब्द लिहिण्यात दुसरा गट सर्वांच्या पुढे गेला होता. चित्रांशी तिसरा गटही तितकाच खेळला होता. पण त्या खेळात ध्वनी आणि अक्षर यांची गाठ पडत नव्हती.

तेव्हा खेळ निवडताना हीच गाठ पाहावयाची. आरंभ कानापासून करावा, कारण तेथे कागदाची भीती नसते. ‘सकाळ’मधून ‘स’ काढला तर काय उरेल? काळ. ‘गारवा’मधून ‘गा’ काढला तर? रवा. ‘कावळा’ शब्दातला ‘व’ उडून गेला, तर मागे ‘काळा’ राहतो! अशी कोडी चालता चालता, पाणी भरता भरता घालता येतात. गावांच्या नावांच्या भेंड्या हाही याच जातीचा खेळ आहे. नागपूर म्हटले की ‘र’ पकडून रत्नागिरी, पुन्हा ‘र’ पकडून रावेर. भेंड्या खेळणारा मुलगा शब्दाचे शेवटचे टोक पकडून त्याचा ध्वनी वेगळा काढीत असतो, याची त्याला कल्पनाही नसते. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य शेवटाकडून एकेक अक्षर घेत म्हणून पाहावे. ते जसेच्या तसे परत येते. असे दुसरे वाक्य जुळवण्याची खटपट करण्यात एक दुपार सहज निघून जाते.

या सर्व खेळांत श्रेष्ठ म्हणावा असा खेळ मुलांनी स्वतःच शोधलेला आहे, आणि मोठी माणसे बहुधा त्याला वात्रटपणा समजतात. तो म्हणजे ‘च’ची भाषा. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यावयाचे आणि त्याच्या जागी ‘च’ बसवावयाचा. ‘पाणी’चे होते ‘चणीपा’, ‘शाळा’चे ‘चळाशा’. ‘मला पाणी दे’ असे म्हणावयाचे असेल तर ‘चलाम चणीपा चदे’. ही गुप्त भाषा बोलणाऱ्याला प्रत्येक शब्द मनात फोडावा लागतो, एक तुकडा हातात धरून ठेवावा लागतो आणि बाकीचे पुन्हा सांधावे लागतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला नेमका याच कामाचा सराव हवा असतो. प्रथम त्याला ती जड जाते. पण आजीला कळू न देता बोलण्याची हौस फार मोठी असते!

कान तयार होऊ लागले की अक्षरांना डावात घ्यावे. येथे आपल्याकडची एक जुनी वस्तू आठवते. पूर्वी पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून मुले तीत बोटाने किंवा काडीने अक्षरे काढीत आणि काढता काढता मोठ्याने म्हणत. त्यावरूनच ‘धुळाक्षरे’ हा शब्द आला. तोंड उच्चारते, कान ऐकतो, बोट फिरते आणि डोळा पाहतो, असे सारे एकाच वेळी घडे. रोम शहरात १९०७ साली मारिया मॉन्टेसरी यांनी उघडलेल्या बालगृहात मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ग्रेस फर्नाल्ड या विदुषींनी वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी ठळक लिहिलेल्या शब्दावरून बोट फिरवीत तो मोठ्याने म्हणण्याची पद्धत बसवली. शब्द मनात ठसला की मुलाने तो न पाहता लिहावयाचा. धूळपाटी या कोणीही पाहिलेली नसावी. बोटाच्या चालीला आरंभ आणि शेवट असतो, डावे-उजवे असते. म्हणून नुसत्या डोळ्यांना फसवणारे अक्षर बोटाला ओळखू येते. घरात हा खेळ अगदी सोपा आहे. ताटात कोरडी वाळू किंवा रवा पसरला की धूळपाटी तयार. दुसऱ्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढून ओळखावयास सांगितले की आणखी मौज येते.

सारखी दिसणारी अक्षरे वेगळी करण्यासाठी टोपीचा खेळ खेळावा. ‘म’, ‘घ’ आणि ‘य’ यांच्या डोक्यावरची रेघ अखंड असते. ‘भ’, ‘ध’ आणि ‘थ’ यांची रेघ तुटलेली असते. पहिल्यांची टोपी धड, दुसऱ्यांची फाटकी! एकाने चिठ्ठी दाखवावी. धड टोपी दिसली तर बाकीच्यांनी बसावे, फाटकी दिसली तर उभे राहावे आणि त्या अक्षराचा एक शब्द सांगावा. शब्द सांगितल्याशिवाय गुण देऊ नये, नाहीतर हा केवळ डोळ्यांचा खेळ होऊन बसेल. बहुरूपी ‘र’साठी लपंडाव बरा. जुन्या वर्तमानपत्राचे पान घ्यावे, लपलेला ‘र’ दिसेल तेथे तांबड्या पेन्सिलीने खूण करावी आणि तो शब्द मोठ्याने वाचावा.

फाशाचा खेळ याहून रंगतो. पुठ्ठ्याचा ठोकळा करून त्याच्या सहा बाजूंवर काना, मात्रा, दोन वेलांट्या आणि दोन उकार काढावेत. फळ्यावर ‘तर’ हा शब्द लिहावा आणि जे चिन्ह पडेल ते ‘त’ला लावून वाचावे. काना पडला तर तार, दुसरी वेलांटी पडली तर तीर, दुसऱ्या उकाराने तूर. मात्रा पडली तर तेर, आणि तेर हे धाराशिव जिल्ह्यातले एक प्राचीन गाव आहे. पहिली वेलांटी पडली तर मात्र ‘तिर’ असा निरर्थक शब्द तयार होतो. तोही वाचलाच पाहिजे. किंबहुना त्याला एक गुण जास्त द्यावा. कारण ओळखीचा शब्द मूल अंदाजाने किंवा आठवणीने ठोकून देऊ शकते. निरर्थक शब्दाला तसे फसवता येत नाही. तो अक्षर अक्षर लावूनच वाचावा लागतो.

अंगात रग असलेल्या मुलांसाठी ठिकरीचा डाव आहे. अंगणात खडूने घरे आखून त्यांत एकेक अक्षर लिहावे. कोणी ‘कमळ’ म्हटले की लंगडी घालीत ‘क’, ‘म’, ‘ळ’ या घरांतून क्रमाने जावे आणि प्रत्येक उडीला त्या अक्षराचा उच्चार करावा.

या खेळांना एक-दोन पथ्ये आहेत. रोज पंधरा-वीस मिनिटे खेळलेले बरे, रविवारी एकदम तीन तास नकोत. सोप्याकडून कठीणाकडे जावे. साधी अक्षरे पक्की झाल्यावाचून जोडाक्षरांना हात घालू नये. अमेरिकेत डॉ. सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी अशा मुलांसाठी जी शिक्षणपद्धती घालून दिली, तिचा सारा भर डोळा, कान व हात यांना एकत्र जुंपण्यावर आणि या पायऱ्यापायऱ्यांच्या क्रमावर होता. घड्याळ लावून ‘कोण लवकर वाचतो’ अशी शर्यत मात्र कधी ठेवू नये. जो आधीच मागे आहे त्याला ती पुन्हा एकदा सर्वांदेखत मागे टाकते. आणि खेळ हा जाणत्या शिक्षकाच्या शिकवण्याच्या जागी नसतो, त्याच्या जोडीला असतो. महिना-दोन महिन्यांत चमत्काराची अपेक्षा धरणाऱ्याने निराश होण्याची तयारी ठेवावी. डिस्लेक्सिया गोवरासारखा येऊन जात नाही. मोठेपणीही अशा माणसाचे वाचन काहीसे संथ राहू शकते.

अकरा-बारा वर्षांच्या मुलापुढे वाळूचे ताट ठेवले तर तो रुसेल, आणि ते योग्यच आहे. त्याच्यासाठी नाट्यवाचन ठेवावे. एखादी गोष्ट संवादांत मांडावी, मित्रांनी भूमिका वाटून घ्याव्यात आणि वह्या हातात धरूनच त्या वाचाव्यात. शिवाजी महाराजांचा हेर व्हावयाचे की किल्लेदार, हे त्यालाच निवडू द्यावे. त्याचे संवाद आरंभी थोडे असावेत आणि आदल्या दिवशी त्याला घरी नेऊ द्यावेत. मग तालीम सुरू होते. हेराने दबक्या आवाजात बोलावयास हवे होते, किल्लेदाराचा राग पुरेसा दिसला नाही, दासी मध्येच हसली, म्हणून तोच प्रवेश पुन्हा घ्यावा लागतो. तालमीत एकेक वाक्य दहा-दहा वेळा वाचावे लागते, आणि ते सर्वांनाच वाचावे लागते.